पिग्मीचं अ‍ॅप आलं, वही काही सुटेना

खतावणी (धागाकर्ती)

मंडळी, नमस्कार. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबलाय, सांभाळून घ्या.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमची नागरी पतसंस्था आहे. ६ शाखा, ३१ कर्मचारी आणि २८ पिग्मी एजंट, म्हणजे रोज फिरून लोकांची छोटी छोटी बचत गोळा करणारे. मी तिथला संगणक विभाग. विभागात कामाला आहे असं नाही, विभाग म्हणजे मीच. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मला हाक आणि संचालकांच्या मुलाचा अकरावीचा फॉर्म भरायचा असला तरी मलाच.

गुढीपाडव्याला संस्थेनं पिग्मीसाठी मोबाईल अ‍ॅप सुरू केलं. त्याआधी एजंटांकडे हातात मावणारं मशीन होतं. सकाळी शाखेत येऊन त्यात खात्यांची यादी भरून घ्यायची, दिवसभर बाजारपेठेत फिरायचं, ग्राहकाला चिठ्ठी फाडून द्यायची आणि संध्याकाळी मशीन कॉम्प्युटरला लावून रोकड मोजून द्यायची. शिवाय प्रत्येकाकडे एक वही, लाल कापडी बांधणीची. मशीन बिघडलं तर वही, आणि मशीन चालू असलं तरीही वहीच. आता अ‍ॅपमध्ये रक्कम टाकली की तिथल्या तिथे खात्यात जमा, खातेदाराला एसएमएस, आणि एजंट कुठे उभा होता ते नकाशावर.

मंगल कार्यालय घेऊन दोन दिवस प्रशिक्षण झालं. पुरी-भाजी, शिरा, सगळं यथासांग. सगळ्यांनी माना डोलावल्या. तिसऱ्या दिवसापासून काय चाललंय सांगते. दिवसभर मंडळी वहीत लिहितात. संध्याकाळी शाखेसमोरच्या मारुतीच्या कट्ट्यावर ओळीनं बसतात आणि दिवसभराचं सगळं एका बैठकीत अ‍ॅपमध्ये भरतात. पेठेतल्या शाखेचे अकराच्या अकरा एजंट नकाशावर रोज सहा ते सात देवळासमोर. चेअरमनसाहेबांनी परवा विचारलं, ‘‘आरतीला जातात काय हे?’’ बाकी शाखांचंही तेच, फक्त देव वेगळे.

संचालक मंडळानं आधी परिपत्रक काढलं. मग ज्याच्या नोंदी सगळ्यात जास्त जागेवर होतील त्याला महिन्याला ५०० रुपये बक्षीस लावलं. पहिल्या आठवड्यात सात-आठ जण उत्साहात होते, तिसऱ्या आठवड्यात पुन्हा कट्टा. आता कमिशनमधून अर्धा टक्का कापायचं चाललंय. कमिशन मुळात शेकडा तीन, म्हणजे अर्ध्या टक्क्यानं घरात भांडण होईल.

मला यात सगळ्यात खुपतं ते अण्णांचं. आमचे सगळ्यात जुने एजंट, २६ वर्षं झाली. ३४० खाती, आणि एका रुपयाचा फरक कधी नाही. नवीन एजंट लागला की पहिला आठवडा अण्णांच्या मागं फिरायचं हा अलिखित नियम. प्रशिक्षणात अ‍ॅपवाल्या कंपनीचा एक तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा आला होता. अण्णा चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन शोधत होते. त्यानं ‘‘काका, द्या इकडं, मी करून देतो’’ म्हणत हातातला मोबाईल काढून घेतला, पटापट दोन बटणं दाबली आणि परत दिला. सगळे बघत होते. अण्णा हसले. त्यानंतर चारचौघांत त्यांना अ‍ॅप उघडताना मी बघितलेलं नाही. मी तेव्हा तिथेच उभी होते आणि काही बोलले नाही, हेही सांगून टाकते.

वयाचा प्रश्न म्हणावा तर २८ पैकी ५ जण तिशीच्या आतले आहेत, आणि तेही कट्ट्यावरच. मोबाईल जमत नाही म्हणावं तर हीच मंडळी रात्री रील बघत असतात. महिनाअखेरच्या सभेत मला अहवाल द्यायचाय. तुमच्या ऑफिसात, कारखान्यात, कुठेही असं नवीन काही आलं तेव्हा लोक मनापासून तयार कसे झाले? की झालेच नाहीत?


लेजर फोलिओ

ताई, तुमच्या कट्ट्यावर मी तीस वर्षांपूर्वी बसून आलोय.

मी एका सरकारी बँकेत होतो. बँकांच्या यांत्रिकीकरणाचा पहिला करार व्यवस्थापन आणि संघटनांमध्ये १९८३ साली झाला, संगणकाचा १९८७ साली. मधल्या काळात बँकांच्या यांत्रिकीकरणावरचा रंगराजन समितीचा अहवाल आला. कोणत्या शाखेत किती यंत्रं बसवायची, त्यावर बसणाऱ्याला भत्ता किती, हे सगळं ओळीओळीवर भांडून ठरलेलं. आज लोक हसतात की संघटनांनी संगणक अडवून ठेवला. थोडं खरंही आहे. पण जेव्हा लेजर पोस्टिंगचं यंत्र आमच्या शाखेत आलं तेव्हा ते कसं येणार आहे हे आम्हाला ठाऊक होतं, कारण कागदावर सही करायला आमचाही माणूस बसला होता. तुमच्या एजंटांच्या बाजूनं कोण बसलं होतं?

आता माझं सांगतो. आमच्याकडे लेजरांचं बॅलन्सिंग असायचं, म्हणजे खातेवह्यांतल्या सगळ्या बेरजा एकमेकींशी जुळवायच्या. फरक आला की रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत शाखा जागी. मी फरक शोधण्यात वाकबगार. फरकाला ९ ने भाग गेला की समजायचं, कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ५४ चे ४५ झालेत. फरकाला २ ने भाग गेला तर त्या अर्ध्या रकमेची नोंद जमेऐवजी नावेच्या बाजूला पडली आहे का ते बघायचं. दुसऱ्या शाखांतून फोन यायचे, ‘‘जरा येऊन जा हो.’’ मॅनेजर स्वतः चहा मागवायचे. संगणक आला आणि फरकच येईनासा झाला. बँकेचं भलं झालं, माझीही जागरणं वाचली. फक्त फोन वाजायचा थांबला. घरी बायकोला काय सांगणार, की फरक येत नाही म्हणून वाईट वाटतंय? २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांमधून लाखभर माणसं बाहेर पडली, त्यात मी एक. पैशासाठी गेलो असं सगळ्यांना सांगत आलोय.

तुमच्या अण्णांकडं शिकायला अजून कुणी जातं का, ते एकदा बघा.


सर्व्हर डाऊन

मी पुण्यात बँकांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे शिव्या घालायच्या तर आधीच घाला.

इतके लाड कशाला? जुनं मशीन बंद करा, वहीला मान्यता नाही असं जाहीर करा, ३० तारखेनंतर उशिरा आलेली नोंद अ‍ॅपनं घेऊच नये असं करून द्या. पंधरा दिवस ओरडतील, सोळाव्या दिवशी सरळ होतील. सगळीकडे असंच होतं. आणि तो ‘‘काका द्या इकडं’’वाला पोरगा वाईट नव्हता हो, त्याला त्याच दिवशी आणखी दोन गावांत जायचं असणार.


खतावणी

@सर्व्हर डाऊन, शिव्या नाही घालत. पण आमचे एजंट पगारी नोकर नाहीत, कमिशनवर आहेत. सोळाव्या दिवशी सरळ होणार नाहीत, समोरच्या पतसंस्थेत जातील, आणि जाताना खाती घेऊन जातील. लोक संस्थेला नाही, एजंटाला पैसे देतात. ही गोष्ट पुण्यात बसून कळत नाही आणि आमच्या बोर्डरूममध्ये बसूनही कळत नाही.

@लेजर फोलिओ काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. पाडव्यानंतर दोन नवीन एजंट लागले. दोघांनाही प्रशिक्षणाचा व्हिडिओ पाठवला होता. अण्णांच्या मागं कुणीच गेलं नाही. मला हे आत्ता लिहिताना लक्षात येतंय.


डबल बेल

मी वाहक आहे यष्टीत. जास्त लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

आमच्याकडं आधी तिकिटाचा ट्रे आणि पंच होता. रंगीत तिकिटं, किमतीप्रमाणं गठ्ठे, टप्प्याला पंच मारायचा, आणि स्टॉप संपायच्या आत सगळी गाडी बुक करायची. अंगठा कसा चालायचा ते बघणाराच बघत राहायचा. मशीन आलं तेव्हा आम्ही पण नाकं मुरडली. मला मशीन शिकवलं ते मुक्कामाच्या गाडीला, विश्रांतीगृहात, आमच्याच डेपोच्या वाहकानं. चटईवर बसून, आमटी-भात झाल्यावर. चुकलं की शिवी द्यायचा आणि परत दाखवायचा. त्याच्यापुढं चुकायला काही वाटलं नाही, कारण त्याला सुट्ट्या पैशाच्या हिशोबात मी कितीदा वाचवलेला.

आता कुणी ट्रे दिला तर नको म्हणीन. २०२२ ला ७५ वर्षांवरच्यांना फुकट प्रवास झाला, २०२३ च्या मार्चात बायकांना अर्धं तिकीट. बाजाराच्या दिवशी गाडीत ऐंशी माणसं, त्यात कोण पूर्ण, कोण अर्धं, कोण शून्याचं, आणि रात्री डेपोत प्रत्येकाचा वेगळा हिशोब. वहीवर केला असता तर पहाट झाली असती.

तुमच्या लोकांचा त्या अ‍ॅपमुळं कुठला त्रास वाचतो, ते नाही लिहिलंत ताई. आमचा रात्रीचा हिशोब वाचला म्हणून मशीन गोड लागलं.


धोटा

वडील सोलापूरला गिरणीत होते, म्हणून हे नाव. पोटापाण्यासाठी मी मानसशास्त्र शिकवतो. दोन गोष्टी सांगतो, वर्गात बसल्यासारखं वाटलं तर खाली सरका.

पहिली मागांची. अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये १९५२ साली स्वयंचलित माग आणले. यंत्र उत्तम, माणसं अनुभवी, आणि तरीही अपेक्षेइतकं उत्पादन निघेना, कापडातले दोष कमी होईनात. लंडनच्या टॅविस्टॉक संस्थेचे ए. के. राइस १९५३ साली तिथे सल्लागार म्हणून आले. शेडमध्ये २२४ माग आणि २९ माणसं. प्रत्येक कामाचा माणूस वेगळा. विणकराकडे इतके माग, बॉबिन भरणाऱ्याकडे त्याहून जास्त, तुटलेले धागे जोडणाऱ्याकडे आणखी वेगळे. म्हणजे आज आपण नक्की कोणाच्या जोडीनं काम केलं, हे कुणालाच सांगता येणार नाही अशी वाटणी. राइसनी सुचवलं की मागांचा एक गठ्ठा एका छोट्या टोळीकडे द्या आणि आतली कामं त्यांची त्यांना वाटून घेऊ द्या. साहेब लोक आराखडा काढत बसतील असं वाटत होतं, पण कामगारांनी आणि मुकादमांनी स्वतःच टोळ्या पाडल्या, बघता बघता. मधे एकदा आकडे घसरले, मग सावरले, आणि उत्पादन वाढून दोष कमी झाले. माग तेच, माणसंही तीच.

दुसरी गोष्ट बक्षिसाची. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना मध्ये सोडवण्याबद्दल पैसे दिले आणि नंतर बंद केले. पैसे मिळालेल्यांचा कोड्यांमधला स्वतःचा रस उतरला. तुमचे ५०० रुपये तिसऱ्या आठवड्यात का विझले, याचं सगळं उत्तर यात नाही, पण थोडं आहे. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मिळून मांडलं की माणसाला कामात तीन गोष्टी लागतात, जशी रोपाला माती, पाणी, ऊन. माझ्या कामात माझं काही चालतं, मला हे येतं, आणि इथे माझी माणसं आहेत. या तिन्हींना धक्का न लावता बदल आणला तर लोक तो आपला मानतात. नाहीतर वरवर मान डोलावतात.

तुमच्या प्रशिक्षणात तिन्ही एकदम गेल्या. कसं वापरायचं ते ठरवून झालं होतं. ज्याला येत होतं त्याला चारचौघांत येत नाही असं दाखवलं. आणि शिकवायला बाहेरचा पोरगा. त्या संध्याकाळच्या कट्ट्याकडे मी मात्र वेगळ्या नजरेनं बघतो. त्यांनी स्वतःची टोळी पाडली आहे.

‘माझं चालतं’ म्हणजे मोकाट सोडणं नव्हे, हेही लिहून ठेवतो. कारण पटलं तर माणूस बंधनही पाळतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, तेव्हा ‘यांना तंत्रज्ञान नको’ असं बरेच जण म्हणाले. फोन २ जीबीचे, जुने, दुरुस्तीचा खर्च अंगावर, आणि भरायची माहिती इंग्रजीत, या त्यांच्या तक्रारी होत्या. यातली एकही तंत्रज्ञानाविरुद्धची नाही.

अहवाल लिहिण्याआधी एक दिवस अण्णांबरोबर फिरा, पण मॅडम म्हणून नको.


खतावणी

फिरले. कालच. आणि आता मला माझाच धागा मिटवावासा वाटतोय.

सकाळी नऊला अण्णांच्या स्प्लेंडरवर मागं बसून निघाले. भाजी मंडई, मग टपऱ्या, मग जुनी पेठ. अण्णा कुणाकडे पैसे मागत नाहीत. नुसते उभे राहतात. पान टपरीवाल्यानं गल्ल्यातून शंभर काढून दिले, बोलणं सगळं म्हशीच्या आजारावर. एकानं ‘‘आज राहू दे, उद्या दोन दिवसांचे घ्या’’ म्हटलं तर अण्णांनी वहीत त्याच्या नावापुढं टिंब दिलं. टिंब म्हणजे काय ते मी विचारलं. ‘‘टिंब म्हणजे त्याच्या पोरीची फी भरायचीय या आठवड्यात, छळायचं नाही.’’ अ‍ॅपमध्ये टिंब नाही. रक्कम आहे किंवा ‘भरणा नाही’ आहे, आणि ‘भरणा नाही’ दाबलं की कारणांच्या यादीतून एक निवडल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ती यादी मी बनवलेली आहे.

मंडईच्या टोकाला एक मावशी बसतात, मेथी-कोथिंबीर. अण्णांना पन्नासाची नोट दिली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘ह्या कोण?’’ संस्थेतल्या म्हटल्यावर म्हणाल्या, ‘‘बाई, तो मेसेज तेवढा बंद ठेवा. न्हाईतर माझं खातंच बंद करा.’’

खातं उघडताना मोबाईल नंबर सक्तीचा. घरात फोन एकच, नवऱ्याचा. मावशी चार वर्षं रोज पन्नास टाकतायत आणि नवऱ्याला पत्ता नाही. अ‍ॅप सुरू झालं त्या पहिल्या दिवशी अण्णांनी इमानदारीत जागेवर नोंद केली, आणि दुपारी मेसेज नवऱ्याच्या फोनवर. पुढं घरात काय झालं ते मावशींनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वर्षाचे जमलेले पैसे त्याच आठवड्यात काढले गेले, एवढं संस्थेच्या रेकॉर्डवरून मला दिसलं.

अशा अण्णांकडे ४० एक बाया आहेत. खानावळवाली, शिलाई मशीनवाली, एक अंबाड्याची भाजी विकणारी म्हातारी, जिला सुनेपासून लपवायचंय. सगळ्या एजंटांकडे थोड्याफार असणारच.

आता खरी गंमत. संध्याकाळी एकदम भरलं तरी मेसेज जायलाच हवा, मग जात का नाही? कट्ट्यावरच्या एका पोरानं मला समजावून सांगितलं. रेंज नसलेल्या वाड्यावस्त्यांसाठी अ‍ॅपमध्ये ऑफलाइन भरायची सोय आहे. इंटरनेट बंद करून नोंदी भरल्या आणि नंतर शाखेत येऊन एकगठ्ठा चढवल्या, तर ग्राहकाला मेसेज जात नाही. ही गोष्ट मला माहीत नव्हती. अ‍ॅप माझ्या ताब्यात आहे आणि मला माहीत नव्हती! ज्यांना ‘अ‍ॅप हाताळता येत नाही’ असं मी अहवालात लिहिणार होते (वाक्य टाइप करून झालं होतं), त्यांनी दोन दिवसांत पळवाट शोधली, एकमेकांना शिकवली, आणि अण्णासुद्धा ती सफाईनं वापरतात. त्यांना त्यांच्या नातीनं शिकवलं, घरी.

परतताना मी विचारलं, ‘‘अण्णा, हे प्रशिक्षणात का नाही बोललात?’’

‘‘विचारलं कुणी, ताई?’’

इतकी वर्षं मॅडम म्हणत होते.


सर्व्हर डाऊन

मागे घेतो. सोळाव्या दिवसाचं वाक्य मागे घेतो.

पण आता जे सांगतो ते रागावून घेऊ नका. तुम्ही वर्णन केलंय ते, नोंद उशिरा, मेसेज नाही, हिशोब एजंटाच्या वहीत, अगदी याच फटीतून पिग्मीतले अपहार होतात. ग्राहक पन्नास देतो, खात्यात वीस जातात, आणि दोन वर्षांनी पासबुक भरायला आल्यावर कळतं. मेसेज त्यासाठीच असतो. अण्णांवर माझा विश्वास बसला, पद्धतीवर नाही. २८ माणसांत २८ अण्णा नसतात. आणि अपहार झाला तर सगळ्यात आधी त्या मावशी बुडतील, कारण त्यांना कुठे तक्रारही करता येणार नाही.


खतावणी

रागावले नाही. खरंय. काल रात्रभर हेच डोक्यात होतं. मेसेज चालू ठेवला तर मावशी मरते, बंद ठेवला तर कधीतरी कुणीतरी हात मारणार. चेअरमनसाहेबांनी अ‍ॅप घेतलं तेच मुळात शेजारच्या तालुक्यातल्या एका संस्थेत असं घडल्यावर. हे कारण त्यांनी एजंटांना कधीच सांगितलं नाही. ‘‘चोर समजतोय असं वाटेल’’ म्हणून. न सांगितल्यामुळे तेच वाटलं.


लेजर फोलिओ

ताई, मेसेज हवा की नको हे ना एजंटानं ठरवायचं ना संस्थेनं. खातेदारानं ठरवायचं. मावशीनं शाखेत येऊन, मॅनेजरसमोर, अंगठा किंवा सही करून सांगायचं की मला मेसेज नको. त्याबदली तिचं पासबुक ठरावीक दिवशी भरून घ्यायचं, आणि बिनमेसेजच्या खात्यांतली दहा-वीस खाती दर महिन्याला एजंट सोडून दुसऱ्या कुणीतरी पडताळायची. आमच्या वेळी याला सरप्राइज चेकिंग म्हणायचे. जुनं आहे, पण चालतं.

आणि हे मी सुचवलं म्हणून जाऊन सांगू नका. त्यांच्यापुढं अडचण ठेवा. त्यांना याहून चांगलं सुचेल.


खतावणी

सात आठवड्यांनी धागा वर काढते आहे. काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं म्हणून.

महिनाअखेरच्या सभेत अहवाल दिला नाही. मुदत मागितली, बोलणी खाल्ली. मग बैठक मारुतीच्या कट्ट्यावरच घेतली, संध्याकाळी सहाला. म्हटलं, नाहीतरी सगळे तिथेच असतात. चेअरमनसाहेब आधी येणार नव्हते, मग आले, आणि शेजारच्या तालुक्यातला प्रकार स्वतः सांगितला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक तरुण एजंट म्हणाला, ‘‘हे पाडव्यालाच सांगायचं ना, साहेब. त्या माणसाला आम्ही ओळखत होतो.’’

काका, तुमचंच म्हणणं थोड्या वेगळ्या वाटेनं तिथे निघालं. मेसेजचा अर्ज खातेदारानं शाखेत येऊन भरायचा. पासबुक सोमवारच्या आठवडी बाजाराला, कारण बाया त्या दिवशी कुणाला न सांगता गावात येऊ शकतात. हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नसतं. पडताळणी शिपाईमामा आणि एक महिला क्लार्क करतात. आमच्या ऑडिटरना बिनमेसेजची खाती अजिबात मंजूर नाहीत, त्यांच्याशी अजून चालू आहे आणि ते कसं सुटेल मला खरंच दिसत नाही. काही बायांनी मेसेजसाठी माहेरचा नंबर दिला, हा त्यांचा स्वतःचा शोध.

@डबल बेल, तुमचा प्रश्न बैठकीत जसाच्या तसा विचारला. उत्तर आलं, संध्याकाळची शाखेतली रांग. रोकड मोजून एकेकाचा मेळ बसेपर्यंत आठ वाजायचे. जागेवर नोंद झाली तर मेळ आधीच तयार असतो, फक्त पैसे मोजायचे. हे प्रशिक्षणात सांगितलं होतं का? स्लाइड क्रमांक ४१ वर होतं.

नकाशाबद्दल एकच मागणी होती, दुपारी दोन ते चार बंद ठेवा. ‘‘जेवून तासभर पडतो, ते पण दिसायचं का?’’ कंपनीनं त्या एका बदलाचं जे कोटेशन पाठवलं ते बघून खजिनदार हसले. विषय तिथेच आहे.

‘भरणा नाही’ची कारणांची यादी काढून टाकली. त्याजागी टिंब ठेवलंय. टिंबच. दाबलं की पुढं जातं.

नवीन एजंट पुन्हा पहिला आठवडा अण्णांच्या मागं फिरतात. अ‍ॅप शिकवणं अण्णांचं काम नाही, त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. ते माणसं शिकवतात. अ‍ॅप पोरं एकमेकांत बघून घेतात.

कमिशनकपात मागे घेतली. तिघे जण तोपर्यंत समोरच्या संस्थेत गेले होते, ते परत आलेले नाहीत.

कालचा नकाशा सांगते, सगळ्या शाखा धरून. १८ जण बाजारात, ७ जण देवळासमोर. सातांपैकी दोघांना मी स्वतः विचारलं तर म्हणाले, सवय लागली हो बसायची.

अण्णा बाजारात होते. वही मात्र खिशात आहेच. मंडईत मावशींचे पन्नास घेतले, अ‍ॅपमध्ये टाकले, मोबाईल खिशात ठेवला आणि मग वही काढून लिहिलं. आधी वही आणि मग अ‍ॅप होतं, आता आधी अ‍ॅप आणि मग वही.